तांडेलाचं रक्त थांबत नव्हतं

१

बटाट्यांच्या टोपलीमागे उंदरांच्या औषधाची पिशवी सापडली, तेव्हा तिच्यातलं पाव औषध गेलेलं होतं.

कोठी देओलिंदाची होती. तिचा नवरा आल्बानो, ‘बोनान्सा’ या मासेमारी नौकेचा तांडेल, शुक्रवारपासून इस्पितळात पडून होता. त्याचं रक्त थांबत नव्हतं. आधी ते नाकातून आलं, मग हिरड्यांतून. शनिवारी पोटावर थाळीएवढा काळा डाग उठला. सोमवारी डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, की याचं रक्त गोठायला तिप्पट वेळ लागतोय आणि असं करणारी एकच वस्तू या गावात घरोघरी असते. मंगळवारी सकाळी दहा वाजता पोलिसांनी घराची झडती घेतली आणि देओलिंदाला सोबत नेलं.

कायद्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत तिला न्यायाधीशांपुढे उभं करायचं होतं. म्हणजे गुरुवारी दहापर्यंत. पोर्तोहून इन्स्पेक्टर एदुआर्दाला पाठवलं ते कागद पुरे करायला.

“बायकोने नवऱ्याला उंदराचं औषध घातलंय,” साहेब फोनवर म्हणाले होते. “तिथे डोकं चालवायचं नाहीये. सह्या घे आणि ये.”

एदुआर्दा दुपारी पोचली तेव्हा वारा समुद्रावरून सरळ गल्ल्यांत घुसत होता. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या आणि खांबावर धोक्याचा इशारा म्हणून काळे गोळे टांगलेले होते. बंदर बंद होऊन नववा दिवस. एकही नौका बाहेर जाऊ शकत नव्हती. दीडशे खलाशी घरात बसून होते आणि त्यांच्या बायका त्यांना कंटाळल्या होत्या.

ठाण्यातली कोठडी पूर्वी जप्त केलेली जाळी ठेवायची खोली होती. वास अजून होता. खिडकी हाताला येणार नाही इतकी उंच. देओलिंदा बाकावर ताठ बसली होती. वय पंचावन्न, काळी शाल, हात मांडीवर. सकाळपासून तिने ना पाणी मागितलं होतं ना वकील.

“औषध कधी आणलंत?”

देओलिंदाने शालीचं टोक सरळ केलं.

“कशासाठी?”

“उंदीर मारायला. दुसरं कशाला आणतात तुमच्या पोर्तोत?”

“पाव पिशवी कुठे गेली?”

देओलिंदाने खिडकीकडे पाहिलं.

“हे बघा बाई, तुमच्या नवऱ्याने जबाब दिलाय. घरी त्याला जेवायला फक्त तुम्ही वाढत होतात. तुम्ही गप्प बसलात तर गुरुवारी न्यायाधीश तोच कागद वाचतील. ‘मी नाही केलं’ एवढं तरी म्हणा.”

देओलिंदाने नजर खिडकीवरून खाली आणली.

“म्हटलं,” देओलिंदा शांतपणे म्हणाली, “तर माझ्यानंतर तुम्ही कोणाला आणाल?”

२

इस्पितळ म्हणजे जुना मठ. भिंती हातभर जाड, खिडक्यांना जुने गज. आल्बानोला टोकाच्या खोलीत एकट्याला ठेवलं होतं आणि दाराशी शिपाई बसवला होता. खाटेशेजारी फोडलेल्या अंड्यांची टरफलं होती.

“अंडीच खातो,” शिपाई म्हणाला. “उकडलेली, टरफलासकट आणायची. सोलून आणली तर हात लावत नाही. कालपासून नऊ झाली.”

आल्बानो अठ्ठावन्न वर्षांचा, खांद्याने रुंद, आणि डोळ्यांभोवती दोन जांभळी वर्तुळं. कोणीतरी दोन्ही डोळ्यांवर मोजून ठोसे मारल्यासारखी. डाव्या दंडात सलाइन, उजव्यात रक्ताची पिशवी. त्याला कुशीवर वळायलाही कोणाला तरी हाक मारावी लागे. पायथ्याशी खुर्चीवर त्याचा पांढरा लोकरी स्वेटर घडी घालून ठेवला होता. छातीवर काळ्या लोकरीने काढलेली एक खूण होती: अर्धा नांगर आणि त्याच्यावर दोन आडव्या रेघा.

“तुमची बायकोवर तक्रार आहे?” एदुआर्दाने विचारलं.

“तक्रार नाही. त्यांनी विचारलं सूप कोण देतं. मी म्हटलं ती देते.” तो जाड जिभेने, तोंडात घास असल्यासारखा बोलत होता. “खरं तेच सांगितलं.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? इथून उठताही येत नाही.” त्याने छताकडे पाहिलं. “एकतीस वर्षं त्या बाईच्या हातचं खातोय. शुक्रवारी पहिल्यांदा वाटलं, आपण नीट पाहिलंच नाही ती भांड्यात काय घालते.”

बोलताना त्याने ओठांवरून जीभ फिरवली. तिच्या कडेला दातांच्या खुणा उमटलेल्या एदुआर्दाने पाहिल्या. जीभ तोंडात मावत नसल्यासारखी. तिने ते वहीत लिहिलं. का लिहिलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पाहिलेलं लिहायचं, ही तिची सवय.

डॉक्टर रामाल्यो तरुण होता, लिस्बनचा, आणि त्याला झोपेची गरज होती.

“विषाचा अहवाल?”

“रक्त लिस्बनला पाठवलंय. तीन आठवडे लागतील. पण दुसरं काही असूच शकत नाही. यकृत चांगलं आहे. रक्ताचा कर्करोग नाही. उंदराचं औषध शरीरातलं के जीवनसत्त्व निकामी करतं, मग रक्त गोठवणारे घटक तयार होत नाहीत. उपाय साधा आहे, ते जीवनसत्त्व भरपूर टोचायचं.”

“त्याला आधीचा काही आजार?”

“पावलांचा. गावातला जुना घराण्यांचा आजार. एक प्रथिन नसांमध्ये साचत जातं, पाय बधिर होतात. आम्ही त्याला अमायलॉइडोसिस म्हणतो, गाव पावलांचा आजार म्हणतं. पण त्यात असं रक्त वाहत नाही. शंभर रुग्ण पाहिलेत मी, एकालाही नाही.”

“मग जीवनसत्त्वाने फरक पडलाय ना?”

रामाल्योने चष्मा काढून पुसला.

“चार दिवस देतोय. दुसऱ्याचं रक्तद्रव चढवलं की दोन-तीन तास सुधारतो, मग पुन्हा तिथेच. जीवनसत्त्वाने मात्र कणभरही फरक नाही.”

३

नौकेचा स्वयंपाकी एर्मिनियो जाळ्यांच्या शेडमध्ये सापडला. बंद बंदरामुळे सगळा ताफा तिथेच पत्ते कुटत बसला होता. एदुआर्दा आत आली तसे पत्ते खाली ठेवले गेले.

“समुद्रावर तांडेलाला जेवण तुम्ही देता.”

“सगळ्यांना देतो. एका भांड्यातलं. मी मारायला निघालो असतो तर अकरा माणसं झोपली असती, आणि बाई, मला पोहता येत नाही.”

कोणीतरी हसलं.

“महिन्यापूर्वी त्याने तुम्हाला नौकेवरून उतरवलं होतं.”

“मासा करपला म्हणून. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. दर वर्षी एकदा उतरवतो, ते नाताळसारखं आहे.” एर्मिनियोने दाढी खाजवली. “ताई सुटणार का?”

“पिशवीतलं पाव औषध कुठे गेलं ते कळलं तर सांगता येईल.”

शेडमध्ये कोणी हललं नाही. एर्मिनियोने सहकाऱ्यांकडे पाहिलं, सहकाऱ्यांनी छताकडे.

“तुम्ही बंदराच्या साहेबाला सांगणार?”

“काय सांगणार?”

“नौकेच्या स्वयंपाकघरात विष ठेवायला बंदी आहे. परवाना जातो.” तो उठला, कोपऱ्यातल्या पेटीतून झाकण गच्च लावलेला कॉफीचा डबा घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला. “मीच ताईकडून मागून आणलं. उंदीर दोर कुरतडतात. डबा उघडलाही नाही. वजन करा.”

एदुआर्दाने डबा उघडला. निळे दाणे काठापर्यंत होते. ठाण्यातली पिशवी आणि हा डबा एकत्र केले तर पिशवी पुरी भरली असती.

“ताईंनी हे सांगितलं का नाही?”

“आमचा परवाना जाईल म्हणून. तिच्याच बापाची नौका ती.”

“पिशवी आणली कधी?”

“संत मार्टिनच्या सणाला. नवी दारू उघडतात त्या दिवशी. मीच तिच्याबरोबर दुकानात होतो. नोव्हेंबरची अकरा.”

एदुआर्दाने वही मिटली, मग पुन्हा उघडली.

“तांडेलाचे डोळे असे काळे झालेले तुम्ही शुक्रवारीच पहिल्यांदा पाहिले?”

“छे. त्यावरून तर आम्ही त्याला किती छळलंय. ऑगस्टात मातेची मिरवणूक असते ना, पालखी उचलायला तो वाकला आणि सरळ झाला तेव्हा दोन्ही डोळे काळे. सगळं गाव बघत होतं. मी म्हटलं, तांडेल, ताईने डावा मारला की उजवा? तेव्हापासून बूट बांधायला वाकला तरी होतं. खोकला तरी होतं.”

“ऑगस्टात,” एदुआर्दा म्हणाली.

“पंधरा ऑगस्ट. का?”

उंदराचं औषध घरात यायच्या तीन महिने आधी.

४

परवाना हे एक कारण झालं; देओलिंदाला ज्याची खरी काळजी होती तो माणूस बंदराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर राहत होता आणि दोन वर्षं एकट्याने खाली उतरला नव्हता.

सेराफिम तिचा सर्वांत धाकटा भाऊ. एकोणचाळीस वर्षांचा. पाय काड्यांसारखे, मांडीवर कांबळं, हाताशी दोन कुबड्या. पावलांचा आजार त्याला बापाकडून आलेला. बापाला आजोबांकडून. तो खिडकीत बसून सुयांनी जाळी विणत असे, आणि बोटंही बधिर होऊ लागल्यामुळे सुई कुठे टोचली ते त्याला रक्त दिसल्यावर कळे.

“बसा. माझ्याकडे येणारे लोक नेहमी घाईत असतात, मी मात्र नसतो.”

“आल्बानोबद्दल विचारायचंय.”

“विष मी घातलं का, हे?” त्याने सुई खाली ठेवली. “इथून कसं घालणार? जिना उतरायला मला दोन माणसं लागतात. त्यातला एक आल्बानो.”

“तुमची बहीण तुम्हाला वाचवायला गप्प बसलीय.”

सेराफिमचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

“मला वाचवायला? मला वाटलं तिने—” तो थांबला. “मी तिला निरोप पाठवला होता, काही बोलू नकोस म्हणून. मला वाटलं तिने केलंय.”

“तिला का वाटावं तुम्ही केलं असेल?”

“कारण नाताळला मी त्याला तोंडावर बोललो. सगळ्यांसमोर.” त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर लाकडात कोरलेली तीच खूण होती, अर्धा नांगर आणि दोन रेघा. “तुम्ही पोर्तोच्या, तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे ही खूण म्हणजे नाव. जाळ्यावर, वल्ह्यावर, थडग्यावर. मोठी मुलं तिला एकेक रेघ जोडून घेतात. बापाची खूण जशीच्या तशी सर्वांत धाकट्याला मिळते. म्हणजे मला. पण माझे पाय गेले. बाप मरताना म्हणाला, नौका आणि खूण आल्बानोकडे.”

“म्हणजे तो आता तुमच्याच घरचा.”

“आमच्या घरचा?” सेराफिम तिच्याकडे पाहत राहिला. “कोणी सांगितलं तुम्हाला? जावई तो. देओलिंदाताईचा नवरा. चौदाव्या वर्षी डोंगरातून आला, समुद्र कधी पाहिला नव्हता. नाताळला मी तेच म्हणालो. खूण माझी आहे, तू ती फक्त अंगावर घालतोस.”

वाऱ्याने तावदान हललं.

“त्याच्या अंगात तुमच्या घराचं रक्त नाही,” एदुआर्दा म्हणाली.

“थेंबभरही नाही.”

“मग पावलांचा आजार त्याला झाला कसा?”

सेराफिमने तोंड उघडलं. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं.

“त्याला आहे?” तो म्हणाला.

५

बुधवारी सकाळी साडेआठला रामाल्यो आपल्या टेबलावर आल्बानोची फाइल उघडून बसला होता आणि एदुआर्दा त्याच्यासमोर उभी होती.

“ऑक्टोबरातली नोंद,” तो म्हणाला. “पाय बधिर. ओठातून तुकडा काढला, त्यात प्रथिन साचलेलं दिसलं. घराणं: अर्धा नांगर, दोन रेघा. म्हणजे सेराफिमचं. निदान: पावलांचा आजार. इतकं सरळ निदान वर्षात एखादंच असतं.”

“तो त्या घरात जन्मलेला नाही. जावई आहे.”

रामाल्यो पान पुन्हा वाचत राहिला, जणू अक्षरं बदलतील.

“डॉक्टर, मला एवढंच सांगा. असं प्रथिन साचण्याचा दुसरा प्रकार असतो का? वारशाने न येणारा?”

“असतो. अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडल्या की होतो. कोणालाही, कुठेही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच लाल दिसतात. आमच्याकडे वेगळे ओळखायची सोय नाही, आणि गरज कधी पडली नाही, कारण या गावात—” तो थांबला.

“त्या दुसऱ्या प्रकारात रक्त वाहतं?”

“वाहतं.” तो आता हळू बोलत होता. “तिथे दोन गोष्टी होतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत ते साचतं, त्या ठिसूळ होतात. डोकं खाली केलं, खोकला आला की डोळ्यांभोवती फुटतात. जीभ मोठी होते. आणि रक्त गोठवणारा एक घटक, दहावा, त्या साचलेल्या प्रथिनाला चिकटून बसतो. शरीर तो बनवतं, पण रक्तात उरतच नाही. स्पंजाने टिपून घ्यावा तसा.”

“म्हणून बाहेरून चढवलेलंही तीन तासांत संपतं.”

“हो.” त्याने कपाळावर हात फिरवला. “जीभ मी पाहिली होती. मला वाटलं सुजलीय.”

“विष आणि हा आजार, दोन्हींत फरक कसा करायचा? उद्या दहाच्या आत.”

“घटक वेगवेगळे मोजायचे. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा, चौघं त्या जीवनसत्त्वावर जगतात. उंदराचं औषध चौघांनाही एकदम खाली आणतं. आजार असेल तर एकटा दहावा पडलेला दिसेल.”

“मोजलेत?”

“पोर्तोला पाठवावं लागतं. दोन दिवस लागतात.”

“माझी गाडी खाली उभी आहे, शिपाई घेऊन जाईल. रक्त काढा.”

तो काढायला गेला. एदुआर्दा फाइल घेऊन परिचारिका ओदेतकडे गेली. ‘घराणं’ या रकान्यातलं अक्षर तिचं होतं. ओदेत याच गावची, साठीला आलेली, पावलांच्या आजाराच्या दवाखान्यात तीस वर्षं.

“हे तुम्ही त्याला विचारून लिहिलंत?”

“विचारायचं काय त्यात? स्वेटरवर खूण होती. पोर्तोची पोरगी असती तर बसली असती विचारत, आजोबा कोण, पणजोबा कोण. मी खूण पाहिली की तीन पिढ्या सांगते.”

“तो जावई आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं की.” ओदेत बोलता बोलता थबकली. “पण एकतीस वर्षं झाली हो. कोणाच्या लक्षात राहतं?” तिने फाइल जवळ ओढली. “आणि ओठाचा तुकडा काढला तेव्हा दोन दिवस रक्त थांबत नव्हतं. मीच कापूस दाबून बसले होते. म्हटलं, दर्यावरची माणसं, रक्त जास्त असतं.”

एदुआर्दाने तेही लिहून घेतलं.

“लिहिताना तो समोर बसला होता?”

“तिथेच. मी मोठ्याने वाचूनही दाखवलं.”

“मग त्याने दुरुस्त का केलं नाही?”

“ते मला काय विचारता?” ओदेत म्हणाली. “त्याला विचारा.”

६

आल्बानो जागा होता. दहावं अंडं खाटेशेजारी तसंच पडलं होतं.

“ऐकलं होतंत ना,” एदुआर्दा म्हणाली. “ओदेतबाईंनी वाचून दाखवलं ते.”

“ऐकलं.”

“चूक आहे हे कळलं होतं.”

“कळलं.”

“मग?”

सलाइनचे थेंब पडत होते आणि दाराबाहेर शिपायाच्या खुर्चीचा पाय करकरत होता.

“मी आलो तेव्हा मला डोंगऱ्या म्हणायचे,” तो म्हणाला. “लग्न केलं, डोंगऱ्याच. म्हाताऱ्याने नौका दिली, समोर तांडेल आणि पाठीमागे डोंगऱ्या. अकरा जणांचा जीव हातात घेऊन वीस हिवाळे बाहेर जाऊन आलो. देओलिंदाने स्वेटरवर खूण काढून दिली त्या पहिल्या वर्षी बायकांनी तिला चर्चबाहेर अडवलं होतं. ती भांडली. दर वर्षी कोणाशी तरी भांडते.”

त्याने श्वास घेतला.

“तर ही बाई काही न विचारता सरकारी कागदावर लिहून मोकळी झाली. घराणं, अर्धा नांगर, दोन रेघा. शाईने. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं. मी म्हटलं असतं, नाही हो, मी त्यांचा नाही, तर तिने खोडलं असतं. तसं बसून खोडताना बघायचं?”

“तुम्हाला वाटलं नाही की आजार—”

“पाय बधिर झाले, बोटी हाकणाऱ्याचे होतातच. मला वाटलं, त्यांची खूण घेतली तर त्यांचं दुखणंही आलं. रास्त आहे.” आता त्याने तिच्याकडे पाहिलं. “का विचारताय?”

एदुआर्दाने त्याला सगळं सांगितलं. मिरवणूक, जीभ, ओठ, चार घटक. सोपं करून सांगितलं, पण काही वगळलं नाही.

“म्हणजे माझ्या सूपमध्ये काही नव्हतं,” आल्बानो म्हणाला.

“उद्या सकाळी नक्की कळेल. पण बहुतेक नव्हतं.”

“मी त्या कागदावर सही केली.”

“हो.”

“मागे घेता येते?”

“नाही,” एदुआर्दा म्हणाली. “तो कागद खटल्यात लागलाय. आता तो फक्त फोल ठरवता येतो.”

त्याने मान भिंतीकडे वळवली. गजाच्या खिडकीतून बंदर दिसत होतं. काळे गोळे अजून खांबावर होते.

७

गुरुवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पोर्तोहून फोन आला. रामाल्योने आकडे स्वतः कागदावर उतरवले आणि कागद घेऊन तो रस्त्यावरून न्यायालयापर्यंत पांढऱ्या कोटात धावत आला. दुसरा घटक अठ्ठ्याऐंशी टक्के. सातवा ब्याण्णव. नववा एक्याऐंशी. दहावा सहा.

न्यायाधीश म्हातारे होते आणि त्यांनी रामाल्योला दोनदा समजावून सांगायला लावलं. तिसऱ्यांदा एदुआर्दाने सांगितलं: उंदराचं औषध यातल्या चौघांनाही पाडतं. इथे एकच पडला आहे. औषध घरात येण्याआधी तीन महिने माणसाचे डोळे काळे होत होते. एक महिना आधी त्याचा ओठ दोन दिवस वाहत होता. पिशवीतलं गेलेलं औषध या डब्यात आहे. विषबाधा झालीच नाही, म्हणून विष घालणाराही नाही. चूक एका रकान्यात आहे, आणि रुग्ण या घराण्याचा नाही हे दाखवल्याशिवाय ती दिसत नाही.

“आणि तुम्ही गप्प का बसलात?” न्यायाधीशांनी देओलिंदाला विचारलं.

“मला वाटलं माझ्या भावाने केलं.”

“आणि भाऊ?”

“त्याला वाटलं मी केलं,” देओलिंदा म्हणाली. “आमचं घर असंच आहे साहेब. एकमेकांवर फार विश्वास.”

तिला सोडलं. डब्याबद्दल न्यायाधीशांनी काही विचारलं नाही. ते बंदराच्या साहेबाचं काम होतं.

बाहेर पायऱ्यांवर देओलिंदाने शाल नीट केली.

“त्याने माझ्याविरुद्ध सही केली होती.”

“हो,” एदुआर्दा म्हणाली. “पण त्याने लिहिलं ते इतकंच, की सूप तुम्ही देता.”

“सूप मीच देते.” ती दोन पायऱ्या उतरली. “जगेल किती?”

“डॉक्टर म्हणतात औषधं आहेत, पण फारशी चालत नाहीत. एक वर्ष. कदाचित दोन. रक्त जपावं लागेल. पडायचं नाही, ओझं उचलायचं नाही. नौकेवर जायचं नाही.”

“म्हणजे घरात.”

“घरात.”

“मी सुटले आणि तो अडकला.” तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, नोंद केल्यासारखं म्हटलं. “एकतीस वर्षं मी या गावाशी भांडले, की तो आमच्या घरचा आहे. आणि मला सोडवायला तुम्हाला भर कचेरीत सिद्ध करावं लागलं, की तो नाही.”

एदुआर्दाला अकराला पोर्तोला निघायचं होतं. ती इस्पितळापर्यंत सोबत चालत गेली.

ओदेत दाराशी नवा छापील कागद घेऊन उभी होती. जुन्या कागदावर तिने पट्टी धरून सरळ रेघ मारली होती.

“देओलिंदा, हे आता नीट लिहायला हवं. घराणं. त्याच्या बापाचं काय लिहू?”

“त्याला विचार.”

“विचारलं. म्हणतो बाप आठवत नाही, काय होऊन मेला माहीत नाही.”

“मग तेच लिही. रक्ताने आमचा नाही, बापाचं माहीत नाही. ते लिहिलं नाहीस तर पुढचा डॉक्टर पुन्हा तेच करेल.” देओलिंदाने कागदावर बोट ठेवलं. “आणि त्याखाली लिही, घर: अर्धा नांगर, दोन रेघा.”

“दोन ओळींना जागा नाही इथे.”

“बारीक लिही.”

ओदेतने बारीक लिहिलं. दुसरी ओळ चौकटीच्या बाहेर, समासात गेली.

शिपायाची खुर्ची रिकामी होती. आत आल्बानोने दोघींना पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. दोन्ही दंडांतल्या नळ्यांनी त्याला मागे ओढलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जीभ अडखळली.

“राहू दे,” देओलिंदा म्हणाली. “हिरड्या पुन्हा वाहतील. सहीचं कळलं मला. मीही सेराफिमवर संशय घेऊन बसले होते, तुझ्यापेक्षा माझं काही फार बरं नाही.” तिने शाल काढून खुर्चीवर टाकली. “सरक जरा.”

खाट अरुंद होती, एका बाजूला सलाइनचा खांब आणि दुसऱ्या बाजूला भिंत. सरकायला जागा नव्हती. आल्बानो तरी सरकला.